तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

मी खरेदी विभागात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही घडलं त्याला दुसरं कुठलंही कारण नाही. आमच्या पंपांच्या कारखान्यात नट, बोल्ट, बेअरिंग, रंगाचे डबे, झाडू, एवढंच काय, साहेबांच्या केबिनमध्ये कोपऱ्यात ठेवायची कुंडीसुद्धा माझ्या सहीने येते. आणि माझी सही तीन कोटेशनं आल्याशिवाय उमटत नाही. तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, शेजारी शेजारी मांडून तुलनात्मक तक्ता करायचा आणि प्रत्येक वस्तू जिथे सगळ्यांत स्वस्त मिळेल तिथून घ्यायची. ही सवय अंगात इतकी मुरली आहे, की एकदा दाढदुखीने बेजार झालो होतो तेव्हाही मी तीन दंतवैद्यांना फोन करून भाव विचारले होते. तिसऱ्याने फोन उचलेपर्यंत दाढ दुखायची थांबली होती. ही गोष्ट मी अजूनही पद्धतीच्या बाजूने सांगतो.

तर आमच्या घरी गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "मुलासाठी का?" आम्हाला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. कॉम्प्युटर हवा होता बायकोला.

बायको मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन आहे. दिवसभर लोकांना बरं करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, कुऱ्हाडीने राक्षस तोडायचे, असा तिचा दिनक्रम. हा खेळ लेकीने तिला शिकवला. एक किल्ला असतो, त्याच्यावर राक्षस चालून येतात आणि आतल्यांनी तो राखायचा. ती तिकडे तिच्या खोलीत बसायची, ही इकडे बैठकीच्या खोलीत, दोघींच्या कानाला हेडफोन. मला एकच बाजू ऐकू येऊ नये म्हणून माझ्या विनंतीवरून आमच्याकडचा स्पीकरही चालू असायचा.

"आई, मागे बघ, मागे!"

"बघितलं. जेवलीस का?"

"जेवले. आई, तो शिडीवर चढतोय."

"चढू दे. काय जेवलीस?"

"...ब्रेड."

"आज पुन्हा ब्रेड?" आणि शिडीवरच्या राक्षसाचं जे काही व्हायचं ते व्हायचं.

लेकीला ताप येऊन गेला, तिचं खोलीतल्या मैत्रिणीशी वाजलं, तिने केस कापले आणि ते बिघडले, ही सगळी माहिती आम्हाला अशीच तटबंदीवर उभ्या उभ्या मिळत गेली. मग खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि ती चालू करताच आमच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. तेव्हापासून राहिला तो फोन. फोनवर लेक म्हणायची, बरी आहे. जेवले. काम ठीक. ठेवते.

"ती फोनवर मला उत्तरं देते," बायको एकदा ताट पुसता पुसता म्हणाली. "खेळताना बोलते. आणि गेले काही दिवस तिचा आवाज मला बरा वाटत नाहीये."

"कसा वाटतोय?"

"शिस्तीत."

आयुष्यभर वॉर्डातल्या माणसांचे आवाज ऐकलेल्या बाईने असं म्हटल्यावर मी पेपर खाली ठेवला. तिला विचारून ती सांगणार नव्हती. आईने तिच्याबरोबर राक्षस मारले तरच ती सांगणार होती, आणि राक्षस मारायला कॉम्प्युटर हवा होता. खरेदी विभागाला याहून स्पष्ट मागणी कधी आली नसेल.

बजेट ठरलेलं होतं. माझ्या पाठीसाठी मागे कलणारी आरामखुर्ची घ्यायची म्हणून आम्ही थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आलो होतो. त्यांचे दोन वाटे करायचे, मोठा कॉम्प्युटरला, धाकटा खुर्चीला. पहिलं कोटेशन मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून घेतलं. त्याने मला बसायलाही न सांगता अख्ख्या मशीनचा एक आकडा स्वतःच्या कार्डाच्या मागे लिहून दिला आणि म्हणाला, "काका, जोडून, घरी येऊन लावून देतो. टेन्शन नाही."

एक तर मला काका म्हणवून घेण्याची सवय नाही. ऑफिसात सगळे साहेब म्हणतात. दुसरं म्हणजे एक आकडा हे कोटेशन होऊच शकत नाही. मी म्हणालो, "प्रत्येक भागाचा भाव वेगळा द्या."

"काका, गाडी घेताना चाकांचा भाव वेगळा विचारता का?"

"विचारतो," मी म्हणालो. खरंच विचारला होता.

त्याने कपाळावर हात मारून घेतला, पण भाव दिले. मग मोठ्या बाजारातलं एक चकचकीत दुकान आणि एक ऑनलाइन कंपनी अशी आणखी दोन कोटेशनं आली, आणि तुलनात्मक तक्ता फ्रिजवर लागला. प्रोसेसर ऑनलाइन स्वस्त. मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर बाकी सगळं बसवायचं ती पाटी, मोठ्या बाजारात स्वस्त, आणि तीही अशी स्वस्त की मला विक्रेत्याची दया आली. रॅमही तिथलीच. ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वाट्याला एकही वस्तू आली नाही, आणि काका म्हटल्याचं मनात ठेवून मी हे केलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी बेरजा पुन्हा तपासल्या.

बायकोने फ्रिजमधून दूध काढताना तक्ता वाचला. "हे सगळं एकमेकांना चालतं ना?"

"अगं, सगळे कॉम्प्युटरचेच भाग आहेत," मी म्हणालो.

"पोरीला एकदा विचारून घ्या."

"तिला कळवायचंच नाहीये. एकदम खेळात जाऊन उभी राहा तू." खरं सांगायचं तर विचारायला कमीपणा वाटला. तिची पहिली सायकल मी आणली, दप्तर मी आणलं, कंपासपेटी मी तीन दुकानं फिरून आणली. आता तिने मला खरेदी शिकवायची म्हणजे काय?

एवढ्यात बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य (भाव विचारलेल्यांपैकी दुसरे) जिन्यात भेटले आणि म्हणाले, "रॅम भरपूर टाका. बाकी काही टाका." समोरच्या दारातले आमच्या इमारतीचे सेक्रेटरी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे ज्याला वायर आहे त्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा अधिकार चालतो. ते घरी आले, बसले, चहा प्यायले आणि गंभीर होऊन म्हणाले, "गेमिंगचा कॉम्प्युटर पाण्यावर थंड करतात. तुम्ही पाणी कुठलं वापरणार?"

मी म्हणालो, आमच्याला पंखे आहेत.

"आज पंखे आहेत. उद्या पाणी लागेल. टाकीचं पाणी पिण्यासाठी आणि वापरण्यासाठी आहे, खेळण्यासाठी नाही. तुम्ही तसं लिहून द्या."

मी अर्ज लिहून दिला, की आमचा कॉम्प्युटर पाणी पिणार नाही. सेक्रेटरींनी तो वाचून 'चालू किंवा भविष्यातील कोणताही कॉम्प्युटर' अशी दुरुस्ती सुचवली. मसुदा त्यांचा जास्त चांगला होता, हे मला कबूल करावं लागलं.

माल येऊ लागला. दिवसा आमच्या घरी कुणी नसतं, म्हणून ग्राफिक्स कार्डाला मी ऑफिसचा पत्ता दिला होता. बजेटमधला सगळ्यांत मोठा तुकडा या एका वस्तूवर गेला होता. राक्षस दिसायचे ते तिच्याच कृपेने. स्टोअरकीपरचा फोन आला.

"साहेब, तुमचा माल आला. आवक करून घेतली."

"अहो, तो माझा घरचा आहे!"

"तुमच्या नावाने गेटवर आला, म्हणजे आवक. तपासणीला पाठवलाय."

मी धावत तपासणी विभागात गेलो. तिथल्या तपासनिसाने खोका उघडून कार्ड टेबलावर उताणं ठेवलं होतं आणि कॅलिपरने त्याच्या पंख्यांची मापं घेत होता. "पंखा दिसतोय," तो म्हणाला, "पण शाफ्ट कुठाय? ड्रॉइंग पण जोडलेलं नाही." आणि मी काही बोलायच्या आत त्याने त्यावर लाल लेबल डकवलं, 'नाकारला'. त्याचं लेबल कसलं असतं ते मला माहीत आहे. ते निघत नाही. तो गोंद मीच निवडला होता, तीन गोंदांतून.

नाकारलेला माल पुरवठादाराला परत जातो. तो बाहेर न्यायचा तर खरेदी प्रमुखाच्या, म्हणजे माझ्याच, सहीचा गेटपास लागतो. मी स्टोअरकीपरला म्हणालो, "द्या इकडे, मीच करतो सही."

"मागणारा आणि मंजूर करणारा एकच चालत नाही, साहेब. सर्क्युलर आहे."

"कुणाचं?"

"तुमचं."

त्याने ते काढून दाखवलं. मी ते पूर्ण वाचलं. कुठे फट शोधत होतो, पण सर्क्युलर अतिशय पक्कं लिहिलेलं होतं. शेवटी मोठ्या साहेबांकडे जावं लागलं. त्यांनी कागद पाहिला, लाल लेबलाचं कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मुलासाठी का?"

"नाही सर. बायकोसाठी."

"काय खेळतात?"

"कुऱ्हाड, सर."

त्यांनी सही केली. त्यानंतर लिफ्टमध्ये ते मला नेहमी आधी आत जाऊ देतात.

या सगळ्यात आठवडा गेला. रात्रीच्या फोनवर लेक आता 'काम ठीक' एवढंही म्हणत नव्हती. 'आहे' म्हणत होती. बायको फोन ठेवून माझ्याकडे बघायची, मी फ्रिजवरच्या तक्त्याकडे.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही जोडणीला बसलो. बायको हातमोजे घालून आली होती. रॅम मदरबोर्डमध्ये टक् करून बसली. मी तिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग प्रोसेसर घेतला. प्रोसेसरच्या पोटाला बारीक बारीक पिना होत्या. त्या ज्या भोकांत जायच्या ती भोकं शोधू लागलो, तर मदरबोर्डवर जिथे भोकं असायला हवीत तिथेही पिनाच होत्या. मी प्रोसेसर फिरवून पाहिला. मदरबोर्ड फिरवून पाहिला. चष्मा पुसला.

"जरा दाबून बघू का?" मी म्हणालो.

"हात लावू नका," बायको वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. तिने दोन्ही खोके जवळ घेऊन वाचले. "प्रोसेसर एका कंपनीचा आहे. ही पाटी दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी आहे. आणि तीही जुन्या." मग ती माझ्याकडे वळली. "अहो, पेशंटला रक्त देताना आम्ही आधी गट जुळवतो. स्वस्त मिळालं म्हणून कुठलंही नाही चढवत."

तक्त्यात 'गट' असा रकानाच नव्हता.

मदरबोर्ड घेऊन मी मोठ्या बाजारातल्या दुकानात गेलो. तिथे परतीची खिडकी वेगळी आणि परतीचा फॉर्म वेगळा. परत करण्याचं कारण: खराब निघाला, तुटलेला मिळाला, चुकीचा पाठवला. एकावर खूण करा. माझं कारण, म्हणजे 'चुकीचा मागवला', त्यात नव्हतं. मी खिडकीतल्या मुलीला सुचवलं की हा चौथा पर्याय फॉर्मात घालायला हवा. ती म्हणाली, असं कारण असलेलं आतापर्यंत कुणी आलंच नाही. माझ्या मागे रांग होती, आणि तिच्या आवाजाला स्पीकर होता.

तेव्हा मी, खरेदी प्रमुख, पिशवीत नको असलेला मदरबोर्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने प्रोसेसर बघितला, पाटी बघितली आणि आतल्या माणसाला हाक मारली, "अरे, बाहेर ये. चाकांवाले काका आलेत."

त्याने जुळणारा मदरबोर्ड दिला. भाव विचारायला मी दुसऱ्या दोन दुकानांत गेलो नाही, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी. घरी आलो. प्रोसेसर अलगद बसला. आता रॅम बसेना. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, ती नव्या पाटीवरच्या उंचवट्याच्या बरोबर शेजारी येत होती. ती रॅम जुन्या पाटीची सोबतीण, नव्या घरात पाय ठेवायला तयार नाही. पुन्हा कोपऱ्यावर. नवी रॅम बसली, तर ग्राफिक्स कार्ड खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये मावेना. मी स्वस्तातलं आटोपशीर कॅबिनेट निवडलं होतं आणि कार्ड त्यातून वीतभर बाहेर येत होतं. "पत्रा कापू का?" मी म्हणालो. बायकोने कानस माझ्या हातातून काढून घेतली आणि ओट्याच्या वरच्या कपाटात ठेवली. पुन्हा कोपऱ्यावर. यावेळी दुकानदाराने मला खुर्ची दिली. मला वाटतं ती माझ्यासाठी तिथेच ठेवायचा त्याचा विचार असावा.

अखेर एका संध्याकाळी सगळं बसलं. नव्या कॅबिनेटला एका बाजूला काच होती, आणि काचेतून पंखे आणि ते लाल लेबल अगदी ठळक दिसत होतं. सेक्रेटरी उद्घाटनाला न बोलावता आले आणि त्यांनी आधी खाली वाकून नळी कुठे दिसते का ते पाहिलं. बायकोने बटण दाबलं. पडदा उजळला. किल्ला आला. तटबंदीवरचे झेंडे हलत होते, त्यांच्या सुरकुत्या दिसत होत्या. बायकोने नुसताच फेरफटका मारला, भिंतीला हात लावल्यासारखं केलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी खुर्चीच्या वाट्याला मनातल्या मनात निरोप दिला. तो वाटा तसाही मदरबोर्डपाशीच संपला होता.

आणि डोंगरामागून पहिला मोठा राक्षस वर आला. त्याने तोंड उघडलं आणि कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा राक्षस, पुन्हा अंधार. साधे राक्षस चालत होते, मोठा आला की बंद. सेक्रेटरी म्हणाले, "घाबरतोय." त्यांचं निदान फारसं चुकलं नव्हतं. वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, मी अर्थातच सगळ्यांत स्वस्त घेतला होता, आणि मोठ्या राक्षसाचं चित्र काढायला कार्डाला जी वीज लागायची ती द्यायचा त्याला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मला येताना पाहिलं आणि काउंटरवर आधीच नवा पॉवर सप्लाय काढून ठेवला.

सगळा हिशेब केला तेव्हा, त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिलेल्या त्या एका आकड्यापेक्षा आम्ही पुष्कळ पुढे गेलो होतो. तक्ता मी फ्रिजवरून काढला. त्या जागी बायकोने हॉस्पिटलच्या ड्यूटीचा कागद लावला.

पण खेळ सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी बायको न सांगता किल्ल्यात जाऊन उभी राहिली, आणि स्पीकरमधून लेकीचा चीत्कार आला, "आई!" मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. मग मात्र दोघी खेळत राहिल्या, राक्षस पडत राहिले, आणि लेक बोलली नाही. जेवलीस का, जेवले. काम कसंय, आहे. आवाज तसाच, शिस्तीतला. तीन-चार संध्याकाळी अशाच गेल्या. एकदा तिने विचारलं, "बाबा काय करतोय?"

"बसलेत. त्यांच्या चुकीच्या भागांकडे बघत."

ते खरं होतं. टेबलाच्या एका कडेला सगळा नाकारलेला माल पडून होता. जुनी पाटी, तिची रॅम, आटोपशीर कॅबिनेट, अशक्त पॉवर सप्लाय. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, की रॅम त्या पाटीत टक् करून बसली होती. पाटी त्या कॅबिनेटमध्ये मावत होती. आणि मोठं कार्ड नसेल तर त्या पॉवर सप्लायला घाबरायचं काही कारण नव्हतं. मी नाकारलेल्या सगळ्यांचा गट एकच होता! फक्त एक जुना प्रोसेसर कमी होता. मी पिशवी उचलली.

"आता काय राहिलं, काका?" दुकानदार घाबरून म्हणाला. मी सांगितल्यावर त्याने ड्रॉवरमधून एक वापरलेला प्रोसेसर काढून शर्टाला पुसला. "घेऊन जा. तुम्ही पुष्कळ धंदा दिलाय." माझ्या नोकरीत मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी सूट.

लेकीचा जुना लहान मॉनिटर आणि कीबोर्ड माळ्यावरून काढले, आरामखुर्चीच्या जागी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं आणि रविवारी संध्याकाळी मी बायकोच्या शेजारी बसून किल्ल्यात शिरलो. माझ्या मशीनवर झाडं चौकोनी दिसत होती आणि आकाश मधूनमधून नाहीसं व्हायचं, पण मी होतो. अंगात एक बनियन आणि हातात काठी.

"आई, वेशीपाशी तो उघडा माणूस कोण आहे?"

"ओळख."

"...बाबा?" आणि मग, "बाबा, लवकर अंगावर काहीतरी चढव, आत्ता हल्ला येईल! बाजार डावीकडे आहे."

बाजारात तीन टपऱ्या होत्या. यात माझा काही दोष नाही, ज्याने खेळ बनवला त्याने त्या तीन ठेवल्या होत्या. मी पहिल्या टपरीवर भाव बघितले, दुसरीवर गेलो, तिसरीवर गेलो, परत पहिलीवर आलो. लांबून नगारे वाजू लागले.

"बाबा, कुठे आहेस?"

"आलोच. हा ढालीला जास्त सांगतोय."

"बाबा, ते भाव करत नाहीत!"

टोप पहिल्या टपरीवर स्वस्त होता, चिलखत तिसरीवर, बूट दुसरीवर. मी सगळं घेतलं आणि चढवायला गेलो. पडद्यावर पाटी आली: हा टोप राक्षसांसाठी आहे. दुसरी पाटी: हे चिलखत घोड्यासाठी आहे. तिसरी: हे बूट बुटक्यांसाठी आहेत. मी बनियनवरच, घोड्याचं चिलखत काखेत मारून, वेशीकडे धावत सुटलो.

लेक हसायला लागली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग तिला ठसका लागला. "बाबा," ती धाप लागून म्हणाली, "तू कॉम्प्युटर पण असाच घेतलास?"

"असाच घेतला," बायको म्हणाली. "तुला सविस्तर सांगते." आणि तिने कुऱ्हाड चालवता चालवता सगळं सांगितलं. पिनांवर पिना, चाकांवाले काका, लाल लेबल, पाणी न पिणारा अर्ज. माझी इतकी अब्रू एका बैठकीत कधी गेली नव्हती. पण स्पीकरमधून ते हसणं येत होतं, आणि ते ऐकायला मी आणखी दोन मदरबोर्ड चुकीचे आणले असते.

हसता हसता ती थांबली. श्वास मोठा झाला. तिकडे कुणीतरी नाक पुसलं.

"बाबा."

"हं."

"मी ही नोकरी सोडली तर?"

बायकोची कुऱ्हाड हवेत राहिली.

"सकाळी तिथे पाय ठेवायला नको वाटतं रे. सगळ्यांसमोर ओरडतात, रोज. मी लिफ्टमध्ये रडून घेते आणि मग वर जाते. सांगणार नव्हते तुम्हाला. तू म्हणशील, आधी दुसरी बघ, दोन-तीन ठिकाणी चौकशी कर, तुलना कर..."

ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, याच क्रमाने आलं होतं. दुसरीकडे अर्ज केलास का, पगार किती देतात, ऑफिस घरापासून किती लांब. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडातून शब्द मागे ढकलायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

"सोड," मी म्हणालो.

"दुसरी न बघता?"

"आधी घरी ये. पुढचं पुढे."

बायको एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने माऊस घट्ट धरून होती. स्पीकरमधून बारीक आवाज आला, "तीन कोटेशनं नकोत?"

"नकोत. तुझं आलंय ना, पुरे."

तेवढ्यात वेस फुटली आणि मोठा राक्षस सरळ माझ्या अंगावर आला. दोघी एकदम ओरडल्या, "बाबा, पळ!" "अहो, पळा!" मी पळालो नाही. काखेतलं घोड्याचं चिलखत पुढे धरून, माझ्या चौकोनी झाडांच्या मध्ये, मी तसाच उभा राहिलो.